स्कार्फ डोक्यावर असेपर्यंत

चर्चच्या मंडळीतल्या बायका तिला घाईबाई म्हणायच्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. रविवारी उपासना सुरू होऊन दुसरं गीत अर्ध्यावर आलं की मागचं दार करकरायचं आणि एका काखेत पोरगी, दुसऱ्या हातात पोरीचा एक बूट, अशा अवतारात ही आत शिरायची. दुसरा बूट घेऊन मागून मुलगा यायचा. त्याच्यामागून नवरा यायचा, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा भाव असायचा की आम्ही वेळेवरच निघालो होतो, रस्ताच लांबला. सासूबाई मात्र पहिल्या बाकावर आधीच बसलेल्या असायच्या. त्या शेजाऱ्यांच्या गाडीतून यायच्या, कारण सुनेबरोबर निघालो तर आपण थेट शेवटच्या आशीर्वादालाच पोचू, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

घरातही तीच तऱ्हा. टायरवाल्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर यांचं घर. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, त्यामुळे तोंडात घास असताना फोन यायचा आणि 'लोक अडकलेत' म्हणत तो जिना उतरून जायचा. मुलगा प्राथमिक शाळेत, पण घरातल्या मोठ्या माणसांच्याही चुका काढायचा, म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणत. मुलगी त्याच्याहून बरीच धाकटी. ती दिवसभर कुठलीतरी वस्तू उचलून कुठेतरी नेऊन ठेवायची. चमचे बुटात सापडत, किल्ल्या पिठाच्या डब्यात. ती मुंगी.

आणि सासूबाई. त्यांना ऐकू कमी यायचं, पण त्यांचा आवाज शाबूत होता, आणि त्या काम करता करता मोठ्याने प्रार्थना करायच्या. म्हणायला ती प्रार्थना. प्रत्यक्षात तो घरातल्या कारभाराचा जाहीरनामा असायचा. "हे दयाळू पित्या, काल भाजीत मीठ जास्त झालं होतं, तरी आम्ही ती उपकारस्तुती करून खाल्ली. आज जिच्या हातात डबा आहे तिच्या हाताला तू आवर घाल." घाईबाई ओट्यापाशी उभी राहून हे निमूट ऐकायची आणि शेवटी आमेन म्हणायची. न म्हणून करते काय?

तिचं स्वतःचं देवाशी बोलणं बंद पडलं होतं असं नाही. पण ते कसं, तर "देवा, दूध." "देवा, बस जाऊ देऊ नकोस." "प्रभू, किल्ली, किल्ली, किल्ली." सगळा तातडीचा मामला. काम झालं की धन्यवाद म्हणायलाही सवड नाही, कारण तोवर पुढचं काहीतरी उतू जायला आलेलं असायचं.

लहानपणी असं नव्हतं. तिचे वडील चर्चची देखभाल करायचे, म्हणजे झाडणं, बाकं पुसणं, घंटा वाजवणं सगळं त्यांच्याकडे. ते आत झाडत असताना ही मागच्या पायरीवर बसून देवाशी बोलायची. प्रार्थना म्हणावी असं ते नसायचंच, सरळ गप्पा असायच्या. शाळेत कोण रुसलं, बाईंनी कोणाला उभं केलं, नव्या फ्रॉकची बाही कशी काचते. सांगून संपलं की दोघं गप्प बसायचे आणि त्यातही मजा असायची. आता कपड्यांच्या घड्या घालताना तिला ती पायरी आठवायची आणि वाईट वाटायचं. त्याहून जास्त भीती वाटायची. एखाद्या जिवाभावाच्या मैत्रिणीला वर्षानुवर्षं नुसतं 'बरी आहेस ना, चल ठेवते' एवढंच करत राहिलं, की पुढे निवांत भेट झाली तरी समोरासमोर बसून काय बोलायचं ते सुचत नाही. देवाचं आणि आपलं तसं झालं तर? उद्या खरंच वेळ मिळाला आणि तोंडातून शब्दच फुटला नाही तर? ही भीती तिने कोणाला सांगितली नव्हती. सांगायलाही वेळ लागतोच ना.

अशातच महिला मंडळाच्या बैठकीत पाळकबाईंनी विषय काढला, की रोज देवासाठी वेळ कोण कसा काढतं. पाळकबाई म्हणजे चर्चच्या पाळकांची बायको, मोठ्या अनुभवाची आणि मोजकं बोलणारी. एक जण म्हणाली, मी पहाटे उठते. दुसरी म्हणाली, मी त्याच्याही आधी. तिसरीने तर अशी वेळ सांगितली की ही बाई झोपते कधी असाच प्रश्न पडावा. मग पाळी घाईबाईवर आली.

"मी आंघोळ करताना," ती म्हणाली. "तेवढं एकच दार लावता येतं. पण तिथेही आमची मुंगी दाराच्या फटीतून चित्रं आत सरकवते आणि विचारते, सांग हे काय आहे. आणि ओळखता आलं नाही तर रडते."

बायका पोट धरून हसल्या. पाळकबाई हसल्या नाहीत. चहाच्या वेळी त्यांनी तिला कोपऱ्यात घेतलं. "हे बघ, मी चार पोरं मोठी केली आहेत," त्या म्हणाल्या. "आपण प्रार्थनेला डोकं झाकतो, हे पोरं जन्मापासून बघतात. त्याचाच उपयोग कर. त्यांना सांग, स्कार्फ डोक्यावर असेपर्यंत आई देवाजवळ आहे. कोणी बोलायचं नाही, हाक मारायची नाही. रक्त आलं तरच."

"आणि सासूबाई?"

"त्यांना सांग मी सांगितलंय म्हणून."

त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नियम जाहीर झाला. मास्तरला कायदा म्हणजे जीव की प्राण. त्याने लगेच पोटकलमं काढली. उलटी झाली तर? तर बोलवा. पाल दिसली तर? नाही. आग लागली तर? "तर मी आपण होऊन उठेन रे," घाईबाई म्हणाली. मुंगीने फक्त एवढंच विचारलं की देव कुठे बसतो, आणि मागच्या खोलीत म्हटल्यावर तिचं समाधान झालं. नवऱ्याने मान डोलावली, कारण त्याच्या धंद्यातही तसंच असतं. वर काम चालू असल्याची पाटी लावली की खाली बटण दाबायचं नाही. सासूबाईंनी डोळे मिटून देवालाच कळवलं की, नवीन नवीन पद्धती निघतात, तुला चालत असतील तर आमचं काही म्हणणं नाही.

मागची खोली म्हणजे कपडे धुण्याचं मशीन, इस्त्रीचं टेबल आणि इस्त्रीची वाट बघणाऱ्या कपड्यांचा ढीग. खिडकीखाली एक स्टूल. पहिल्या दिवशी घाईबाई निळा स्कार्फ बांधून स्टुलावर बसली, दार लोटलं, मांडीवर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं आणि एक ओळ वाचायच्या आत रडायला लागली. दुःख कसलं नव्हतं. बाहेर कोणी हाक मारत नाहीये, एवढंच कारण. ते दिवस फार चांगले गेले. ती एखादं स्तोत्र वाचायची, मध्येच थांबायची, नवऱ्याचं, पोरांचं, वडिलांच्या खोकल्याचं नाव घ्यायची. पूर्वीच्या गप्पा अजून जमत नव्हत्या, सुरुवात अडखळत व्हायची, पण जमेल असं वाटत होतं. खोलीतून बाहेर येताना तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसायचा. सासूबाईंनीसुद्धा एकदा देवाला सांगितलं की, हिच्या कपाळावरची आठी गेली आहे, त्याबद्दल तुझी स्तुती असो.

घराला नियम अंगवळणी पडला. जरा जास्तच पडला. एकदा धोबी कपडे घेऊन आला तर दारात मुंगी. आई कुठंय म्हटल्यावर ती गंभीर चेहरा करून म्हणाली, "आई देवाकडे गेली." बिचाऱ्याच्या हातातलं गाठोडं खाली आलं. त्याने पैसेसुद्धा मागितले नाहीत, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जिना उतरला. पुढच्या आठवड्यात घाईबाईने स्वतः दार उघडलं तेव्हा तो दोन पायऱ्या मागे सरकला. ती हसून हसून बेजार झाली.

पण मग घसरगुंडी सुरू झाली, आणि ती सासूबाईंच्या गुडघ्यापासून सुरू झाली. त्या गुडघ्याची हकिगत घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. त्यात दोन डॉक्टर होते, एक चुकीचं मलम होतं आणि सासूबाईंची एक जाऊ होती, जी शेवटपर्यंत भेटायला आली नाही. एका दुपारी सासूबाईंनी खुर्ची ओढून, पाय लांब करून "तुला सांगते," अशी सुरुवात केली आणि घाईबाईचा हात आपोआप स्कार्फकडे गेला. "आई, माझी प्रार्थनेची वेळ झाली," ती म्हणाली. सासूबाई लगेच गप्प झाल्या. देवापुढे गुडघ्याचं काय चालणार? घाईबाई आत जाऊन बसली, आणि खरं सांगायचं तर थोडा वेळ खिडकीतून टायरवाल्याकडे बघत राहिली. तो चाकातून खिळा काढत होता. बघायला बरं वाटलं.

मग खालची शेजारीण आली, जी वाटीभर साखरेसाठी येते आणि तासभर बसते. स्कार्फ. रिमोटवरून पोरांची जुंपली. स्कार्फ. नणंदेचा फोन आला आणि आधीच कळलं की कशाबद्दल आहे. स्कार्फ, आणि फोन मास्तरने घ्यायचा. पुढे पुढे ती आत चहाचा कप घेऊन जाऊ लागली, मग बिस्किटं. एकदा ढिगाला टेकून मस्त डुलकी काढली. आता तिला नावं ठेवायची असतील तर खुशाल ठेवा, पण आधी एक सासू, दोन पोरं आणि एक कुकर घेऊन महिनाभर राहून बघा. शास्त्र मांडीवर असायचं, उघडंही असायचं. फक्त त्याच्या पानावर आता मोबाईल असायचा, आणि मोबाईलवर पडदे. बाहेरच्या खोलीला नवे पडदे शिवायचे तिच्या मनात होतं, आणि पडद्यांमध्ये इतके प्रकार असतात हे तिला माहीतच नव्हतं. देवाशी उद्या बोलू, असं ती रोज ठरवायची. मनातून तिला कळत होतं की आपण देवाच्या नावावर भलतंच बिल फाडतोय. पण देव काही बोलला नाही, आणि घरचे तर वाहवा करत होते. मंडळीतही बातमी पोचली होती. बैठकीत पाळकबाईंनी सगळ्यांसमोर तिच्याकडे बोट दाखवलं आणि घाईबाईने मान खाली घातली. बायकांना तो नम्रपणा वाटला.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. दुपारची जेवणं झाली, सासूबाई कानातलं यंत्र काढून आडव्या झाल्या, पोरं बाहेरच्या खोलीत खेळत होती. घाईबाईने स्कार्फ बांधला, चहा घेतला आणि आत जाऊन दार लोटलं. पडद्यांच्या दोन जाती शिल्लक होत्या, एक बिनझालरीची आणि एक झालरीची, आणि आज काय तो निकाल लावायचाच होता.

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग मुंगीची "आ" अशी अर्धीच हाक, आणि त्यावर मास्तरचं "शू." घाईबाईने मान वर केली. कान दिला. फ्रीजचं दार उघडलं आणि मिटलं. कुजबुज चालू होती. काहीतरी सांडवलं असणार कार्ट्यांनी, तिला वाटलं. रक्त असतं तर हाक आली असती. तिने झालरीचा पडदा मोठा करून बघितला. मग तसलाच हिरव्यात बघितला. थोड्या वेळाने बाहेर कोणीतरी हुंदके देतंय असं वाटलं, पण फार हळू, टीव्हीवरचं असेल असं. मग हिरवा तिला आवडेनासा झाला आणि ती पुन्हा पहिल्यापासून सगळे बघायला लागली. शेवटी चहा निवला, तेव्हा ती उठली.

तिने दार उघडलं. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची खोलीच्या मधोमध होती. तिच्या पाठीला उभ्या लाकडी पट्ट्या होत्या, आणि दोन पट्ट्यांच्या मधून मुंगीचं डोकं बाहेर आलेलं होतं. बाकीची मुंगी पलीकडे गुडघ्यांवर बसली होती. केस, कान, गाल, सगळं लोण्याने चकचकीत. मास्तर शेजारी उभा राहून वहीच्या पुठ्ठ्याने तिला वारा घालत होता. मुंगीचा चेहरा रडून रडून लाल झाला होता, आणि तरी ती ओठ घट्ट मिटून बसली होती, म्हणजे आवाज बाहेर पडू नये.

"आई," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तुझं देवाचं झालं?"

घाईबाई धावली. खुर्ची धरली, पोरीचे गाल धरले, आधी काय धरावं तेच तिला कळेना. मास्तरने अहवाल द्यायला सुरुवात केली. मुंगी तुरुंग-तुरुंग खेळत होती. डोकं आत गेलं पण कान परत येईनात. आधी साबण लावला, मग तेल, मग लोणी. आजीला उठवलं तर आजी म्हणाली, नंतर खेळू. बाबांना फोन केला. "ते लिफ्टच्या डोक्यावर होते. त्यांनी विचारलं रक्त येतंय का. मी म्हटलं नाही. ते म्हणाले, मग आईचं होऊ दे, तोवर तिला वारा घाल."

"अरे पण मला हाक का नाही मारलीस?"

मास्तर तिच्याकडे बघतच राहिला. कायदा करणाऱ्यानेच असं विचारावं, याचं त्याला खरंच आश्चर्य वाटलं. "तुझा स्कार्फ होता ना," तो म्हणाला.

तो अजूनही होता. घाईबाईने तो ओढून काढला, मुंगीच्या डोक्याभोवती कानांवरून सपाट गुंडाळला, एका हाताने कान दाबून धरले आणि दुसऱ्या हाताने कपाळ मागे ढकललं. "डोळे मीट. श्वास सोड." एक कान सुटला. मग दुसरा. मुंगी मागच्या मागे जमिनीवर बसली आणि आता कुठे, परवानगी मिळाल्यासारखी, भोकाड पसरून रडली. घाईबाईने तिला तशी तेला-लोण्यासकट छातीशी धरली. तेवढ्यात सासूबाई पदराने डोळे पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "लोण्याचा वास येतोय. पाव भाजलेत का?"

संध्याकाळी नवरा आला. त्याने हत्यारांची पिशवी उघडून खुर्चीची एक पट्टी काढली, म्हणजे पुन्हा असला प्रसंग नको. सगळ्या गोष्टीवर तो पोटभर हसला. मास्तरने खुर्चीत डोकं घालण्याचे धोके समजावून सांगितले. घाईबाईही हसली, पण तिचा जीव काही ताळ्यावर आला नव्हता. भाजीत मीठ टाकलं का नाही तेही तिला आठवेना.

जेवणानंतर टेबल पुसून घरातली सगळी प्रार्थनेला बसली. हा त्यांचा रोजचा नेम होता, प्रत्येकाने आपापले दोन शब्द बोलायचे. नवऱ्याने एका दमात आभार मानले. मास्तरने जगातल्या सगळ्या देशांसाठी प्रार्थना केली. सासूबाईंनी देवाला भाजीत मीठ नसल्याचं कळवलं. मग मुंगीची पाळी. एरवी ती खालच्या मांजरापासून सुरू करून टायरवाल्यापर्यंत सगळ्यांना आशीर्वाद मागायची. आज तिने हात जोडले, डोळे गच्च मिटले आणि थोडी थांबली.

"देवा," ती म्हणाली, "तुझ्याकडे खूप माणसं आहेत. आमच्याकडे आई एकच आहे. तू तिला सारखं बोलवू नकोस. आमेन."

नवऱ्याने हसू दाबायला तोंडावर हात धरला. मास्तर म्हणाला, असं नसतं म्हणायचं. सासूबाईंना ऐकू आलं नव्हतं, त्यांनी खणखणीत आमेन म्हटलं. घाईबाईने मात्र डोळे उघडून पोरीकडे बघितलं. पोरीने रागावून म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिने अगदी समजुतीने सांगितलं होतं, शेजारच्यांना आवाज कमी करायला सांगावं तसं. तिच्या मनात देव म्हणजे आता कोण, तर मागच्या खोलीत राहणारा, आईला आत घेऊन दार लावणारा कोणीतरी. आणि हे तिला शिकवलं कोणी? जिने स्वतः पायरीवर बसून देवाला फ्रॉकची बाही दाखवली, तिनेच. तिला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मुंगीला अंथरुणात घातलं तेव्हा तिच्या केसांना अजून लोण्याचा वास येत होता. घाईबाई पलंगाच्या कडेला बसली. दार उघडंच होतं. बाहेर नवरा भांडी विसळत होता आणि मास्तर त्याला भांडी विसळायची पद्धत सांगत होता.

"मुंगे, एक सांगू? दुपारी देवाने मला बोलावलं नव्हतं."

"पण तू स्कार्फ घातला होतास."

"घातला होता. पण मी देवाशी बोलत नव्हते. मी मोबाईलवर पडदे बघत होते."

मुंगीने यावर विचार केला. विचार करताना ती नेहमी चादरीचं टोक दुमडायची, तसं तिने दुमडलं. "कुठले पडदे?"

"बाहेरच्या खोलीचे. तू रडत होतीस ना, ते मला थोडं ऐकूही आलं होतं. तरी मी उठले नाही. ते माझं चुकलं, बाळा. देवाचा त्यात काही दोष नाही. त्याने मला अडवलं नव्हतं. उलट तो म्हणाला असता, आधी पोरीकडे जा."

"मग देव काय करत होता?"

हा प्रश्न तिने धरलाच नव्हता. काहीतरी गोड सांगून वेळ मारून नेता आली असती, पण आजच्या पुरतं तिचं तेवढं खोटं बोलून झालं होतं. "वाट बघत असेल," ती म्हणाली. "मी बोलेन म्हणून."

"माझ्यासारखी?"

घाईबाईने मान डोलावली.

मुंगी अंधूक उजेडात छताकडे बघत राहिली. मघाशी ज्याच्यावर रुसली होती तो आपल्याच बाजूचा निघाला, हे तिच्या हळूहळू ध्यानात येत होतं. दार बंद, आई पलीकडेच आहे पण बोलत नाही, आणि हाक मारायची नाही, हे कसं असतं ते तिला माहीत होतं. चादरीचं टोक तिने सोडून दिलं.

"त्याला कोणी वारा घातला?" तिने विचारलं.

"कोणीच नाही गं."

"उद्या मी येते आत," ती कूस वळवत म्हणाली. "तुला पडदे बघायचे असले तर बघ. मी बसते त्याच्याजवळ."

आणि ती झोपली. पोरं झोपतात तशी, वाक्य संपता संपता. घाईबाई तिथेच बसून राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती. स्कार्फ बाहेर बादलीत भिजत पडला होता, डोकं उघडं होतं, केस विस्कटलेले. तिने मुंगीच्या गालावरून हात फिरवला, आणि मग मान वर न करता, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "ऐकलंस ना, ही काय म्हणाली ते?"

एकदा तोंड उघडल्यावर मग ती थांबलीच नाही. लोणी, खुर्ची, हिरवा पडदा, सासूबाईंचा गुडघा आणि त्यांची ती जाऊ, सगळं सांगत सुटली. मध्ये मास्तरने विचारलं की उद्याचे मोजे कुठे आहेत. तिने ते सांगितलं आणि पुन्हा बोलायला लागली.